मेट्रनच्या खुर्चीसाठी पीएचडी करू नका, सिस्टर

'ड्युटी संपल्यावर' : नर्सिंगमधल्या वाचकांचे प्रश्न

या वेळी पत्रांचा गठ्ठा उघडला तर निम्म्याहून जास्त पत्रं पीएचडीचीच. त्यातली चार घेतेय. पहिल्याला उत्तर लांबलंय, पण ते पत्रच तसं आहे.

ताई, नमस्कार. मी विदर्भातल्या एका जिल्हा रुग्णालयात परिसेविका, म्हणजे वॉर्डची इन्चार्ज सिस्टर आहे. वय ३९, एमएस्सी नर्सिंग (मेडिकल-सर्जिकल), ५८ टक्के. नोकरीला १५ वर्षं झाली. मिस्टर शिक्षक, मुलगी नववीत, मुलगा पाचवीत, सासूबाई आमच्याकडेच. पीएचडी करायची खूप इच्छा आहे पण सगळे म्हणतात आता कशाला, अधिसेविका, म्हणजे मेट्रन, तर सीनियॉरिटीनेच होणार. मला वाटतं की राउंडला सर लोक बोलतात तेव्हा आपणही ठामपणे काही बोलावं, आपलं कोणी ऐकावं. परवाचंच सांगते, रात्री सिकलसेल या रक्ताच्या आजाराचा १७ वर्षांचा मुलगा क्रायसिसमध्ये, म्हणजे वेदनेच्या झटक्यात आला, कळवळत होता, पण 'हा नेहमीचाच आहे' म्हणून तासभर इंजेक्शनच मिळालं नाही, कपाटाची चावी माझ्या कमरेला आणि मी ऑर्डरची वाट बघत बसलेली. फार वाईट वाटलं. असो. एका ओळखीच्यांनी एजंटचा नंबर दिलाय, बाहेरच्या राज्यातली युनिव्हर्सिटी, दीड वर्षात पीएचडी, जायची गरज नाही, साडेतीन लाख, विषय आणि थिसिस पण तेच देणार. करू का?

सिस्टर, तुमच्या पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा शब्द 'असो' आहे आणि तो तुम्ही चुकीच्या जागी टाकलाय. त्या मुलाची गोष्ट सांगून असो म्हणालात आणि एजंटकडे वळलात. मी उलटं करते, आधी एजंटला असो म्हणते.

युजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे पीएचडीला कमीत कमी ३ वर्षं लागतातच, कोर्सवर्क धरून. म्हणजे 'दीड वर्षात' हा शब्द ऐकला की फोन ठेवायचा, पुढचं ऐकायचीही गरज नाही. ऑनलाइन किंवा डिस्टन्स पीएचडीही चालत नाही. आणि हे नुसतं कागदावरचं नाही बरं का, जानेवारी २०२५ मध्ये युजीसीने राजस्थानातल्या तीन खासगी विद्यापीठांना पाच वर्षं पीएचडीचे प्रवेश द्यायलाच बंदी घातली, नियम न पाळता डिग्र्या दिल्या म्हणून. आता तिथून आधी डिग्री घेतलेल्या लोकांनी दारावरच्या पाटीचं काय करायचं ते त्यांनाच ठाऊक. साडेतीन लाखात मुलीचं अकरावी-बारावीचं बघा.

आता प्रमोशनचं. तुमच्या घरचे, शेजारचे, वॉर्डातले जे म्हणतात ते खरंच आहे. सरकारी दवाखान्यात अधिपरिचारिका, परिसेविका, सहायक अधिसेविका, अधिसेविका ही शिडी मुख्यतः सेवाज्येष्ठतेनेच चढायची असते, तिथे पीएचडीने दोन पायऱ्या गाळून जाता येत नाही. कॉलेजच्या बाजूला थोडा फरक पडतो, पण तिथेही इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या नॉर्म्समध्ये प्रिन्सिपॉलला एमएस्सी आणि वर्षानुवर्षांचा अनुभव आवश्यक, पीएचडी असली तर उत्तम, एवढंच. म्हणजे मेट्रनच्या खुर्चीसाठी करणार असाल तर करू नका, सहा वर्षं रात्री जागून शेवटी हातात काय आलं म्हणून रडाल. मी अशा दोघीतिघी बघितल्यात, डॉक्टर लागलं नावाआधी आणि वॉर्डात परत तोच पंचनामा.

पण तुम्हाला खुर्ची नकोच आहे, तुम्ही लिहिलंय की राउंडला ठामपणे बोलावं, कोणी ऐकावं. त्याला मात्र पीएचडीचा उपयोग होतो, कसा ते सांगते. लिंडा आयकन नावाच्या अमेरिकन नर्स आहेत, नर्सिंग करून पुढे सोशिऑलॉजीत पीएचडी केली. त्यांच्या टीमने पेनसिल्व्हेनियातल्या १६८ हॉस्पिटलांचा डेटा घेतला, सर्जरीचे २ लाख ३२ हजारांवर पेशंट, १० हजारांवर नर्सेस, आणि २००२ मध्ये छापलं की नर्सकडच्या सरासरी पेशंटमध्ये एक वाढला की पेशंट ३० दिवसांत दगावण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते. आता बघा, 'आम्हाला लोड खूप आहे हो' हे वाक्य आपण सगळ्या रोज म्हणतो, चेंजिंग रूममध्ये, कॅन्टीनमध्ये, नवऱ्याजवळ. तेच त्या बाईने मोजलं. पुढे ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडने २०१६ मध्ये कायदाच केला, दिवसा चार पेशंटमागे एक नर्स आणि रात्री सातमागे एक, आणि त्याचा परिणाम काय झाला तेही याच लोकांनी मोजून २०२१ मध्ये छापलं. तक्रार आणि आकडा यात हा फरक आहे. तक्रार ऐकून साहेब 'बघू' म्हणतात, आकडा बघून निदान चष्मा तरी लावतात.

माझंच सांगते. मी सर्जिकल वॉर्डला असताना बेडसोअर झाला की मेमो सिस्टरला, हा ठरलेला हिशोब. मी चिडून एक वही केली, कोणता पेशंट कधी आला, येतानाच पाठ लाल होती का, किती तासांनी कूस बदलली, त्या शिफ्टला आम्ही किती जणी होतो. बेडसोअरचा धोका मोजणारं ब्रेडन स्केल तेव्हा कोणी भरत नव्हतं. आठ महिन्यांनी ती वही घेऊन मीटिंगला गेले तर पहिल्यांदा सर्जन लोकांनी मोबाईल खाली ठेवला. पीएचडी नंतर झाली, ४१ व्या वर्षी रजिस्ट्रेशन, सहा वर्षं लागली, मध्ये एकदा सोडलीही होती. पण माझी खरी पीएचडी ती वहीच, बाकी सगळं तिला बाइंडिंग.

म्हणून म्हणते, तुमचा विषय तुमच्याच पत्रात आहे. तो १७ वर्षांचा मुलगा. सिकलसेलच्या क्रायसिसमध्ये पेशंट आला की तासाभरात वेदनाशामक मिळालं पाहिजे असं अमेरिकन सोसायटी ऑफ हिमॅटॉलॉजीची २०२० ची गाइडलाइन सांगते. तुमच्याकडे तासाभरात मिळालं नाही. का मिळालं नाही? ऑर्डर नव्हती म्हणून, डॉक्टर लेबर रूमला होते म्हणून, पेन स्कोअर लिहायची पद्धतच नाही म्हणून, 'नेहमीचाच आहे' म्हणून, की कपाटात स्टॉकच नव्हता म्हणून? यातलं नक्की कोणतं आणि किती वेळा, हे आज तुमच्या जिल्ह्यात कोणी आकड्यात सांगू शकेल का? गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर, तिकडे नंदुरबार, या पट्ट्यात सिकलसेल घरोघरी माहीत आहे. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ ला सिकलसेल निर्मूलन मिशन सुरू केलं, ७ कोटी लोकांची तपासणी करायची, २०४७ पर्यंत निर्मूलन. छानच आहे. पण तपासणीचं कार्ड हातात आलं म्हणून रात्री दोन वाजता हाडं दुखायची थांबत नाहीत, आणि रात्री दोन वाजता तिथे मिशन नसतं, तुम्ही असता.

आता उद्यापासून एक साधी वही घ्या. आल्याची वेळ, पेन स्कोअर, पहिल्या इंजेक्शनची वेळ, उशीर झाला तर का. पेशंटचं नाव लिहू नका. ही नुसती तुमच्या कामाची नोंद, यावर काही छापायचं झालं तर आधी एथिक्स कमिटीची परवानगी लागते, विसरू नका. तीन महिन्यांत तुम्हालाच दिसेल की प्रश्न कुठे अडकलाय. मग पुढे पीएचडीत जाऊन त्याला धरून आखणी करता येईल, समजा डॉक्टरांशी बसून एक स्टँडिंग ऑर्डर तयार करायची, स्कोअर अमुकच्या वर असेल तर सिस्टरने थांबायचं नाही, आणि त्याने वेळ कमी होतो का ते बघायचं. त्यातच अजून एक सुंदर उपप्रश्न आहे, गोंडी किंवा माडिया बोलणारा पेशंट 'शून्य ते दहात किती दुखतंय' याला काय उत्तर देतो? तो शून्य ते दहा असा विचार करतो का? यावर कोणी नीट काम केलं तर मी पदरचे पैसे घालून वाचायला येईन.

आणि हे करताना तुम्हाला सिव्हिल सर्जनना भेटावं लागेल, फार्मासिस्टशी स्टॉकवरून वाद घालावा लागेल, नाइटच्या मुलींना पटवावं लागेल की हा एक कागद जास्त भरा, त्या तुम्हाला शिव्या देतील, मग भरतील. लीडरशिप लीडरशिप म्हणतात ती हीच असते हो, त्याचं वेगळं वर्कशॉप नसतं.

एकच विनंती, गाइड म्हणाल्या 'ते अवघड आहे, एसटीपी घ्या' तर हो म्हणू नका. बाकी वाचकांसाठी, एसटीपी म्हणजे स्ट्रक्चर्ड टीचिंग प्रोग्राम, आधी प्रश्नपत्रिका, मग पाऊण तास फ्लॅशकार्ड दाखवून भाषण, सात दिवसांनी तीच प्रश्नपत्रिका, आणि निष्कर्ष काय तर ज्ञान वाढलं. गाव तिथे एसटी तसं नर्सिंगचा थिसिस तिथे एसटीपी. शिकवल्यावर मार्क वाढतात हे सिद्ध करायला पीएचडी कशाला, तुमचे मिस्टर रोज सिद्ध करतात.

आता कागदपत्रांचं पटकन. तुमचे ५८ टक्के आहेत, ५५ लागतात, राखीव प्रवर्गाला ५ टक्के सूट. दोन रस्ते बघा, एक नाशिकच्या आपल्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची पेट, म्हणजे पीएचडीची प्रवेश परीक्षा, दुसरा इंडियन नर्सिंग कौन्सिलने बेंगळुरूच्या राजीव गांधी आरोग्य विज्ञान विद्यापीठाबरोबर चालवलेलं नर्सिंग पीएचडीचं नॅशनल कन्सॉर्शियम. दोन्हींच्या अधिसूचना स्वतः वाचा, व्हॉट्सअॅप ग्रुपवर आलेलं खरं धरू नका. युजीसीच्या चौकटीत परीक्षेला ७० आणि मुलाखतीला ३० टक्के वजन, पेपरात निम्मा भाग रिसर्च मेथडॉलॉजीचा, तोच आपल्याला जड जातो, तेव्हा बायोस्टॅटचं जुनं पुस्तक माळ्यावरून काढा. पार्ट-टाइम चालतं, पण ऑफिसची एनओसी लागते आणि त्या एनओसीत तीन गोष्टी स्पष्ट लिहून घ्या: पार्ट-टाइम पीएचडीला परवानगी आहे, ड्युटी सांभाळून संशोधनाला वेळ मिळेल, आणि कोर्सवर्कसाठी गरज पडली तर सोडतील. नुसती 'हरकत नाही' अशी एक ओळ आणलीत तर परत पाठवतील, मला पाठवलं होतं. जास्तीत जास्त मुदत ६ वर्षं, बायकांना २ वर्षं जादा. अध्ययन रजा राज्याच्या १९८१ च्या रजा नियमांत आहे, ऑफिसातले 'नर्सेसना नसते' म्हणाले तर नियम दाखवा म्हणावं. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारी संस्थांच्या फेलोशिप आहेत पण त्या पूर्णवेळ करणाऱ्यांसाठी, पगार घेत असताना नाही, तेव्हा त्यांच्या भरवशावर हिशोब मांडू नका.

घरचं मी काही सांगत नाही. फक्त मुलगी नववीत आहे म्हणजे पुढच्या वर्षी दहावी. कोर्सवर्क त्याच वर्षी येईल असं करू नका, वर्षभर ती वही भरा, तिची दहावी होऊ द्या, मग पेट. तुमची चाळिशी कुठे पळून जात नाही.

मॅडम, मी पुण्यात खासगी हॉस्पिटलला आयसीयूत ब्रदर आहे, बीएस्सी नर्सिंग, ८ वर्षं. अमेरिकेत 'डीएनपी' नावाची डॉक्टरेट ऑनलाइन होते असं ऐकलं. ती केली तर इकडे नर्सिंग डायरेक्टर होता येईल का? पीएचडीपेक्षा सोपी आहे म्हणतात.

सोपी नाही, वेगळी आहे. पीएचडी नवीन ज्ञान शोधायला, डीएनपी म्हणजे डॉक्टर ऑफ नर्सिंग प्रॅक्टिस, जे ज्ञान आहे ते बेडसाइडला उतरवायला. तिकडच्या नर्सिंग कॉलेजांच्या संघटनेने २००४ मध्ये ठरवलं की नर्स प्रॅक्टिशनरसारख्या अॅडव्हान्स प्रॅक्टिसवाल्यांचं शिक्षण मास्टर्सवरून या डॉक्टरेटला न्यायचं, तेव्हापासून ती वाढली. त्यात थिसिसऐवजी प्रोजेक्ट असतो, पण बीएस्सीनंतरचे शेकडो तास प्रत्यक्ष काम दाखवावं लागतं, आणि ते तास पुण्यात बसून स्क्रीनवर भरत नाहीत. शिवाय तिथे प्रवेशालाच तिकडचं आरएन लायसन्स मागतात, म्हणजे आधी एनक्लेक्स, त्या लायसन्सची परीक्षा.

तिकडे जाऊन स्थायिक व्हायचं असेल तर जरूर विचार करा, आधी एनक्लेक्स, मग नोकरी, मग हॉस्पिटल फी भरणार असेल तर डीएनपी. इथेच राहायचं असेल तर आपल्याकडे डीएनपीसारखी चौकटच नाही. तुमच्या कामाला जवळचं म्हणजे क्रिटिकल केअरमधला नर्स प्रॅक्टिशनर कोर्स, दोन वर्षांचा रेसिडेन्सी पद्धतीचा, पदव्युत्तर. ते करा. खासगी हॉस्पिटलातला नर्सिंग डायरेक्टर हा निम्मा वेळ रोस्टर, राजीनामे आणि एनएबीएच या हॉस्पिटलच्या दर्जा-मान्यतेच्या फायली यातच असतो, त्यासाठी डॉक्टरेट कोणी मागत नाही, माणसं टिकवता येतात का ते बघतात. आणि ८ वर्षं आयसीयूत काढूनही तुम्ही टिकलात, तर तेवढं तुम्हाला येत असणार.

ताई, मी नर्सिंग कॉलेजला असिस्टंट प्रोफेसर. पीएचडीचं चौथं वर्ष. तीन अडचणी. गाइड मॅडम पुढच्या वर्षी रिटायर होतायत. एका जर्नलचा मेल आलाय, १२ दिवसांत पेपर छापतो, ८ हजार भरा. आणि माझी प्रश्नावली मी गुगलवरून मराठी केली होती, आता एक्स्पर्ट म्हणतात चालणार नाही. डोकं काम करत नाहीये.

आधी चहा घ्या.

गाइडचं तितकं गंभीर नाही. रिटायरमेंटला ३ वर्षांपेक्षा कमी राहिलेल्यांना नवीन विद्यार्थी घेता येत नाहीत, पण आधीचे विद्यार्थी रिटायर होईपर्यंत चालतात आणि त्यानंतर त्या को-गाइड म्हणून राहू शकतात, वयाच्या ७० पर्यंत. तेव्हा आत्ताच, त्या ऑफिसात असतानाच, दुसरे गाइड ठरवून अर्ज टाका. प्रोफेसरला ८, असोसिएटला ६, असिस्टंटला ४ अशी विद्यार्थ्यांची मर्यादा असते, त्यामुळे कोणाकडे जागा आहे हे आधी विचारा, मग पाया पडा. निरोप समारंभाच्या दिवशी हे काढू नका, मी एकीला काढताना बघितलंय, श्रीफळ हातात घेऊन मॅडम फॉर्मवर सही करत होत्या.

जर्नलचा मेल डिलीट करा. १२ दिवसांत कोणी पेपर वाचतसुद्धा नाही, तपासणं लांबच. युजीसीने २०२२ च्या नियमांत थिसिसआधी पेपर छापलाच पाहिजे ही सक्ती काढली, काही विद्यापीठांनी स्वतःची ठेवलीय, तुमच्या विद्यापीठाचं काय आहे ते बघा. युजीसीची मान्य जर्नलांची केअर लिस्टही फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली, म्हणजे आता 'लिस्टमध्ये आहे' हे उत्तर संपलं, जर्नल चांगलं की नाही ते आपणच ठरवायचं. ते ८ हजार स्टॅटिस्टिशियनला द्या.

प्रश्नावलीत मात्र एक्स्पर्ट बरोबर आहेत आणि तुम्ही चुकलात, स्पष्टच सांगते. एकाने मराठी करायचं, मूळ न बघता दुसऱ्याने परत इंग्रजी करायचं, दोन्ही ताडून बघायचं, मग दहा-पंधरा पेशंटवर वाचून घ्यायचं. एका मुलीच्या प्रश्नावलीत 'फीलिंग ब्लू'चं 'तुम्हाला निळं वाटतं का' झालं होतं आणि ६० बायकांनी त्याला इमानदारीत 'कधी कधी' असं उत्तर दिलं होतं. जो डेटा आधीच गोळा केलाय त्याचं काय करायचं ते गाइड आणि स्टॅटिस्टिशियन दोघांना समोरासमोर बसवून ठरवा, लपवू नका, व्हायवाला नेमकं तेच बाहेर येतं. चौथं वर्ष म्हणजे उशीर नाही, तुमच्या हातात अजून मुदत आहे.

हो, आणि थिसिस सबमिट करायच्या आधी शोधगंगा या थिसिसच्या ऑनलाइन संग्रहावर तुमच्या विषयाचे चार थिसिस उघडून वाचा. मजकूर जुळण्याचं प्रमाण १० टक्क्यांच्या आत ठेवायचं असतं, पण मी वाचायला त्यासाठी सांगत नाहीये. इतरांनी कुठे वेळ घालवला ते कळतं.

नमस्कार. मी नर्स नाही, माझी बायको सिस्टर आहे आणि पीएचडी करतेय. रात्री उशिरापर्यंत जागते, मला त्यातलं काही कळत नाही. मी काय मदत करू शकतो?

हे पत्र वाचून मी दोन मिनिटं तशीच बसले, या कॉलमला असं पत्र पहिल्यांदाच आलं.

डेटा एंट्री करा. खरंच. भरलेले फॉर्म एकदा ती एक्सेलमध्ये भरेल, तेच फॉर्म तिचं न बघता तुम्ही वेगळ्या शीटमध्ये भरा, मग दोन्ही जुळवा, जिथे फरक येईल तिथे चूक. याला डबल एंट्री म्हणतात आणि यासाठी लोक पैसे मोजतात. त्याला नर्सिंग कळायची गरज नाही, १ आणि ७ नीट वाचता यायला हवेत. पेशंटची नावं त्या फॉर्मवर नसतात, फक्त कोड नंबर, त्यामुळे तिलाही अडचण नाही, तरी तिला विचारून करा.

दुसरं, दर रविवारी तिच्या लॅपटॉपचा बॅकअप एका वेगळ्या हार्ड डिस्कवर घ्या आणि ती डिस्क लॅपटॉपच्या बॅगेत ठेवू नका, कपाटात ठेवा. एका मैत्रिणीची बॅग एसटीत राहिली होती, दोन्ही एकत्रच.

आणि नाइट करून आली की त्या दिवशी 'किती राहिलं अजून' असं विचारू नका, डबा कोण भरणार ते बघा.